औटी सरांची शाई

औटी सरांकडे गेलं की चहाआधी चित्र पुढं यायचं. ओल्या कागदावर काळी शाई सोडून सर ती हवी तशी पसरू देत. मग विचारत, "बघून जवळ जावंसं वाटतं, की पळावंसं?" मिळेल ते उत्तर कागदामागे पेन्सिलीनं लिहून ठेवत. हे काय काढलंय, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मला ठाऊक असतं तर पाटी लावली असती."

जुन्नरच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे, मी मराठी. निवृत्तीनंतर ते गावच्या घरी राहायला गेले. घरामागे त्यांचा थोडा कांदा, त्याला लागून शेजाऱ्यांचा ऊस आणि उसात बिबट्या. गाव त्याला वाघच म्हणतं. सर म्हणत, "पोटात भीती असली की वाघ, अर्जात मात्र बिबट्या."

एकदा तालुक्याला 'माणूस आणि बिबट्या' असं प्रदर्शन भरलं. फेटे, नारळ आणि सत्कारांत दीड तास गेला. चित्रांच्या वाट्याला पाच मिनिटं आली. सरांच्या एका चित्रात नुसता जाड, वाकलेला फटकारा होता. प्रमुख पाहुणे म्हणाले, "वा! ढग लई झकास." सरांनी मागे लिहून घेतलं: ढग. परतताना मात्र त्यांनी मला पहिल्यांदाच एका चित्राचा अर्थ सांगितला. "खुरपायला वाकलेली बाई आहे ती. वाघाला ती शेळीएवढी दिसते. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही."

त्या हिवाळ्यात शेजारच्या वस्तीवर खुरपणाऱ्या एका बाईला बिबट्यानं मारलं. बिबट्या मान धरतो, म्हणून बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. असले पट्टे पूर्वी धनगर आपल्या कुत्र्यांना घालत. सरांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनीही, एक आणला.

बिबटे दिसताक्षणी मारा, असा अर्ज गावानं लिहिला. सरपंच सही घ्यायला आले तेव्हा मी तिथंच होतो.

"ऊस आपण लावला, घर आपण दिलं," सर म्हणाले. "आता गोळी?"

"मग तुमची चितरं उसात टांगू का, सर? बघून पळतोय का बगू!"

काकू दारात पट्ट्याचं बक्कल लावत होत्या. "ह्यास्नी कशाला इचारता, भाऊ? ह्ये घरात बसून चितरं काढत्यात. वाकायचं मला हाय."

सरांनी सरपंचांच्या हातातून अर्ज घेतला. मग त्यांनी सही केली.

त्या दिवसापासून चित्रं थांबली. सरांचे गुडघे वाकत नाहीत, खुरपणं जमत नाही. काकू वाफ्यात वाकल्या की सर त्यांच्या मागे, उसाकडे तोंड करून उभे राहतात.

परवा त्याच उसाच्या बांधावर वनखात्यानं लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्याची एक मादी सापडली. सगळं गाव मोबाइल घेऊन धावलं. मी सरांकडेच आलो होतो; मीही निघालो, कांद्यात उभ्या सरांना हाक मारली.

"मी सही केलीय," ते म्हणाले. "तिच्यापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू?"

काकूंनी गळ्यातला पट्टा सोडला, थोडा वेळ हातात धरला आणि पुन्हा घातला. "येकलीच व्हती का, कुणाला ठावं," म्हणाल्या आणि वाकल्या.

सर जागचे हलले नाहीत.