एक फायर, एक खंड्या

उस्तादांना पक्षी तीनच माहीत होते. चिमणी, कावळा आणि ‘ते दुसरं’. बगळा, टिटवी, कोतवाल, वेडा राघू ही सगळी मंडळी ‘ते दुसरं’ या एकाच खात्यात जमा होत. मी एकदा पुस्तक उघडून शेकाट्याचं चित्र दाखवलं, लाल लांब पाय दाखवले, नाव सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, “व्हय व्हय. म्हंजी ते दुसरंच.” अशा माणसाकडून मी पक्ष्यांचे फोटो काढायला शिकलो, यावर आमच्या घरात आजही कोणाचा विश्वास बसत नाही. फोटो पाहिले की माझाही बसत नाही.

ते सैन्यात हवालदार होते आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी नव्या जवानांना रायफल चालवायला शिकवलं. तिथं अशा शिक्षकाला उस्ताद म्हणतात. निवृत्त होऊन कोरेगावाजवळच्या आपल्या गावी आले, ऊस लावला, पण उस्तादपण काही सुटलं नाही. उसाच्या सऱ्यासुद्धा त्यांच्या समोर सावधान उभ्या असल्यासारख्या वाटत.

मी मूळचा सांगलीचा, बँकेतल्या नोकरीमुळे साताऱ्यात स्थिरावलेला. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा सोसायटीच्या कमिटीत भांडतात. मी कॅमेरा घेतला. चांगला मोठा, डिजिटल, पुढं हातभर लांबीची लेन्स. त्याच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक कॅमेऱ्यापेक्षा जाड होतं, म्हणून ते मी वाचलं नाही. पहिल्याच संध्याकाळी कुठलंसं बटण दाबलं आणि पडद्यावरची सगळी अक्षरं जपानी झाली. चार दिवस मी तो कॅमेरा जपानीतच चालवला. शेवटी सांगलीच्या पुतण्यानं व्हिडिओ कॉलवरून त्याला परत माणसांत आणलं. “काका, फक्त हिरव्या खुणेवर ठेवा आणि कशाला हात लावू नका,” असं त्यानं बजावलं. बँकेत मी कॅशियरला याच सुरात बजावत असे.

उस्तादांची आणि माझी ओळख त्यांच्या गावच्या पाझर तलावावर झाली. त्यांचं रान तलावाला लागूनच होतं. मी बांधावर पालथा पडून एका खंड्यावर लेन्स रोखली होती. निळ्या पाठीचा, तपकिरी डोक्याचा, लाल चोचीचा तो खंड्या रोज त्यांच्या मोटरीच्या पाइपावर येऊन बसे. मागून आवाज आला, “कोन हाय रं तिकडं? हात वर!” मी हात वर केले. कॅमेरा बांधावरून घरंगळला आणि गळ्यातल्या पट्ट्यामुळे मीही त्याच्यामागं निम्मा खाली गेलो. उस्ताद कमरेमागं हात बांधून उभे होते. ताठ, पिळदार मिशी, डोक्याला पांढरा रुमाल. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग लेन्सकडं पाहिलं आणि म्हणाले, “सायेब, हत्यार असं धरत्यात व्हय? आन त्याच्या नळीवर झाकण हाय.”

झाकण होतं खरं. अर्धा तास मी झाकणाच्या आतल्या अंधाराचे फोटो काढत होतो.

त्या दिवसापासून माझं ट्रेनिंग सुरू झालं. मी शिकवा म्हणालो नव्हतो, पण त्यांनी तो प्रश्नच येऊ दिला नाही. सकाळी सातला स्कूटर तलावावर पोचली पाहिजे. पाच मिनिटं उशीर झाला तर ते घड्याळाकडं पाहत नसत, आभाळाकडं पाहत आणि मोठ्यानं म्हणत, “पाखरं टायमात हायत.” एकदा मी मेमरी कार्ड घरी विसरलो, तर त्यांना इतकी लाज वाटली की जणू ते स्वतःच विसरले होते. “मॅगझिन घरी ठिवून लडाईला आलाय तुमी,” ते म्हणाले. तरीही त्या दिवशी त्यांनी मला दोन तास मोकळ्या कॅमेऱ्यानं सराव करायला लावलंच.

त्यांच्या शिकवण्याचे टप्पे ठरलेले होते. पोझिशन, पकड, शिस्त, दम, फायर. पोझिशन म्हणजे पालथं पडणं, आणि ते माझ्या पोटाला मानवत नसे. मी जमिनीवर पडलो की दोन्ही बाजूंनी डुलत असे. पकड कशीबशी जमली. मग त्यांनी हुकूम सोडला, “शिस्त घ्या!” मी झटकन उठून उभा राहिलो. टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं, कॅमेरा मांडीला लावला. उस्ताद बघतच राहिले.

“ह्ये काय? परेड हाय व्हय?”

“तुम्हीच म्हणालात ना, शिस्त घ्या.”

“आवं, शिस्त म्हंजी नेम! नेम घ्या म्हनलं!”

सैन्यात नेम धरण्याला शिस्त घेणं म्हणतात, हे मला कोण सांगणार? बँकेत शिस्त म्हणजे दहाच्या आत सही. माझ्या उठण्यानं तलावावरची सगळी पाखरं उडून गेली होती. उस्ताद त्या रिकाम्या पाण्याकडं बघत एवढंच म्हणाले, “दुश्मन पळाला. शिस्त बगून पळाला.”

त्यांना माझी सगळ्यात न पटलेली गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याची एक सोय. वरचं एक बटण फिरवून ठेवलं आणि फोटोचं दाबून धरलं की तो टर्रर्र आवाज करत एका दमात वीस-वीस फोटो काढतो. माझा सगळा भरवसा त्याच्यावर होता. वीस काढावेत, एखादा तरी बरा निघेल. उस्तादांना तो आवाज आला की कपाळावर आठी पडे. “गोळ्या सरकारच्या हायत, सायेब. एक गोळी, एक दुश्मन.” फोटोला खर्च नसतो हे मी परोपरीनं सांगून पाहिलं. ते म्हणाले, “खर्चाचं न्हाई. ईस गोळ्या मारनारा पैल्या गोळीचा नेम धरत न्हाई.” घरी वीसच्या वीस फोटोंत उसाचं पातं स्पष्ट आणि मागं काहीतरी निळं असं दिसायचं. आमची ही चष्मा पुसून विचारायची, “यात पक्षी कुठंय?” आणि मी बोटानं दाखवायचो.

एवढं सगळं शिकवताना उस्तादांनी माझ्या कॅमेऱ्याला कधी हात लावला नाही. मी पुढं केला की ते एक पाऊल मागं सरत. हात कायम कमरेमागं. मला वाटे, महागाची वस्तू म्हणून संकोच असेल. चहासुद्धा ते माझ्याबरोबर घेत नसत. “तुमी घ्या, माझा झाला,” ठरलेलं वाक्य. मी त्याला फौजी करारीपणा समजत होतो. माणसं ओळखण्यात मी बँकेतही कच्चाच होतो.

एकदा ते कामानं साताऱ्याला आले, तेव्हा मी त्यांना आग्रहानं घरी नेलं. हिनं ठेवणीतली कपबशी काढली. उस्तादांनी ती घेतली मात्र, बशीवर कप खडखडू लागला. थांबेच ना. त्यांनी दुसऱ्या हातानं पहिलं मनगट धरलं, तर खडखड वाढली आणि चहा धोतरावर सांडला. “लय कडक होता,” ते म्हणाले. आमच्या घरातला चहा कोमट असतो. ही आत फडकं आणायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ते तिनं मुद्दाम केलं, हे मला नंतर कळलं.

उस्ताद खाली बघून बोलले. “कंपवात म्हनत्यात. डाक्टर म्हनला, वाढत जानार. सायेब, जन्मभर पोरास्नी सांगितलं, हत्यारावर हात हलला की संपलं. आन आता माझाच हलतोय.” मग कपबशी खाली ठेवत म्हणाले, “हात पुरता जायच्या आदी एकडाव नेम साधावा वाटतोय. बंदूक नको. तुमचं यंत्र चालंल. त्यो पायपावरचा हाय न्हवं, निळा... ते दुसरं. त्येचा.”

त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मला काय करू न काय नको असं झालं. टेकू द्यायला वाळूचं पोतं हवं, असं त्यांनी सांगितलं. साताऱ्यातल्या फ्लॅटमध्ये वाळू कुठली? मी उशीच्या जुन्या खोळीत घरातली ज्वारी भरून नेली. खोळ उसवलेली होती. आम्ही तलावावर ती मांडून खंड्याची वाट पाहत बसलो आणि आमच्या मागं होले आणि चिमण्या ज्वारीवर जेवायला बसल्या. इतके पक्षी इतक्या जवळ मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. ते इतके जवळ होते की माझ्या लेन्सला दिसतच नव्हते.

मग खंड्या आला. उस्ताद पालथे पडले, माझ्यासारखे डुलले नाहीत. कॅमेरा ज्वारीवर टेकवला. हात कापत होतेच. मला वाटलं, एका फोटोत यांचं काही खरं नाही. मी काय केलं, तर कॅमेरा देताना गुपचूप ते टर्रर्रचं बटण फिरवून ठेवलं. विसांत एक तरी चांगला निघेल, हा माझा बँकेतला हिशोब.

त्यांनी दम धरला. बोट दाबलं. टर्रर्रर्र.

उस्तादांनी बोट चटकन काढून घेतलं आणि त्याच्याकडं बघत राहिले. चेहरा एकदम म्हातारा झाला. “एवढं कापतंय?” ते हळूच म्हणाले. “एका दाबात एवढ्या डाव?”

“नाही हो उस्ताद,” मी घाईनं म्हणालो, “ते मी केलं. बटण मीच फिरवलं होतं. तुमचं बोट एकदाच दाबलं गेलं.”

उस्तादांची मिशी थरथरली आणि असा आवाज निघाला की पलीकडच्या उसातल्या बायका उभ्या राहिल्या. “हुबं ऱ्हावा! हुकुमाबिगर हत्याराला हात? आदी बटन जाग्यावर फिरवा. आता ती पिशवी डोक्यावर धरा. त्या बाभळीपातूर, आन माघारी. दौड के चल!”

मी बटण जागेवर फिरवलं आणि पळालो. साठी उलटलेला, माजी शाखाधिकारी, कॅमेऱ्याची रिकामी पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून बांधावरून पळत होता. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीनं तर विचारलं, “आवं दादा, कुनी मारलं का?” बाभळीशी पोचलो, झाडाला धरून दम घेतला आणि मागं वळून बघितलं. आवाजानं उडालेला खंड्या परत पाइपावर आला होता आणि उस्ताद तसेच पडून होते. बघणारं जवळ कोणी नव्हतं.

मी धापा टाकत परत आलो, तेव्हा ते उठून बसले होते आणि पाइप रिकामा होता. “एकच फायर,” ते म्हणाले आणि कॅमेरा माझ्याकडं दिला. फोटो तिरका होता. निम्म्यात नुसता पाइप होता, खंड्याची शेपूट कडेला कापली गेली होती. पण डोळा लख्ख आला होता, इतका की त्यात ढगाची पांढरी रेघसुद्धा दिसत होती. पक्ष्याच्या फोटोत डोळा साधला की सगळं साधलं, असं जाणकार म्हणतात. माझ्या हजारो फोटोंत असा डोळा अजून एकही नाही. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, “तुमी पळा रोज. जमंल.”

त्यानंतर उस्तादांचे हात कमरेमागून पुढं आले. त्यांच्या घरी वहिनींनी चहा आणला की माझ्यासमोर घेऊ लागले. निम्मा सांडे. “सांडू द्या,” म्हणत. मीही माझा थोडा सांडून घेई, म्हणजे अगदी सोबत म्हणून नव्हे, मला चहा धड पिताही येत नाही.

पुढं आजार बळावला आणि मुलानं त्यांना उपचारासाठी पुण्याला न्यायचं ठरवलं. तिथून ते परत आले नाहीत. निघण्याच्या दिवशी मी गावी गेलो होतो. गाडी दारात उभी होती, वहिनी आत बसल्या होत्या. उस्तादांनी खाडकन सलाम ठोकावा अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी हात पुढं केला. मी तो दोन्ही हातांत घेतला. हात सारखा फडफडत होता.

“हलतोय, सायेब,” ते हसून म्हणाले.

“हलू द्या,” मी म्हणालो. मला रडू आलं होतं. मुलानं दोनदा हॉर्न वाजवला, तरी मी हात सोडला नाही.