नोल्वेनची विजार

पॅरिसमधल्या एका कपड्यांच्या पेढीत अर्मेल केर्वेला शिवणघराची प्रमुख होती. मालक वाल्रे, ज्यांना सगळे 'मस्य' म्हणजे साहेब म्हणत, नव्या कपड्यांची चित्रं काढायचे. अर्मेल त्यावरून सुती कापडाचा कच्चा नमुना बेतायची. दुसरं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली असतील. त्या हिवाळ्यासाठी मस्यनी बायकांच्या विजारीचं चित्र पाठवलं. पेन्सिलीनं काढलेली बाई, चेहरा नाही, हात खिशात.

अर्मेलनं चित्राबरहुकूम नमुना शिवला. मॉडेलनं तो घातला, तर विजारीचा डावा पाय दोन बोटं आखूड.

"डोळे तपासून घ्या, मादाम," मस्य म्हणाले.

"तुम्हीच तसा काढलाय."

त्यांनी चित्र उजेडात धरलं. "खरंच की. ती उभीच तशी राहते."

"कोण ती?"

"तुमच्या दारात असते ती मुलगी. नवी ठेवलीत ना? कामावर विजार घालून येते, तेही मी चालवून घेतलं."

शिवणघरात नवं कुणी आलं नव्हतं. अर्मेलनं दाराकडे पाहिलं. तिची धाकटी बहीण नोल्वेन लहानपणी झाडावरून पडली, तेव्हापासून तिचा डावा पाय आखूड. लढाईत ती बापाची विजार घालून सायकलवर भूमिगतांचे निरोप पोचवायची. एकदा गेली ती परतलीच नाही. पेढीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मस्यनी चित्र खोडून दोन्ही पाय सारखे केले. ती विजार पुढे खूप खपली. अर्मेलनं मात्र पहिल्या चित्राची विजार राखाडी लोकरीत शिवली आणि दाराच्या खुंटीला टांगली.

"कुणासाठी गं एवढी झिजतेस?" शेजारच्या टेबलावरच्या जर्मेननं विचारलं. "कुणी यार लंगडा मिळाला की काय?"

"बहिणीसाठी."

जर्मेन हसायची थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजार खुंटीलाच होती, पण गुडघ्यांवर फुगली होती, काठाला ओली माती लागली होती. अर्मेलनं ब्रश मारला, इस्त्री केली, परत टांगली. रोज तेच. ती कुणाला विचारत नसे. एकदा तिनं आत हात घातला, तर अस्तर कोमट लागलं, नुकतीच कुणी उतरवून ठेवल्यासारखं. हात काढवेना तिला.

वसंतात एका सोमवारी खुंटी रिकामी दिसली. जर्मेन शोधायला उठली, तर अर्मेलनं तिला खाली बसवलं.

रजा काढून ती ब्रिटनीला, गावी आईकडे गेली. म्हातारी अजून संध्याकाळी नोल्वेनची ताटली मांडत होती.

"आई, तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये प्रार्थना सांगू या आता."

"तुला काय कळलं?"

"येत होती माझ्याकडे. मी विजार शिवली, ती घेऊन गेली."

आईनं चुलीत एक लाकूड सारलं. मग तिनं विचारलं, "जाड कापड घेतलंस ना?"

"लोकरीचं, आई. आतून अस्तरही लावलंय."

म्हातारीनं मान हलवली आणि ती ताटली उचलून फळीवर ठेवली.