ओला पडदा

“तुम्ही पडद्यामागं. पुढं पाऊल टाकलंत तर तंगड्या मोडीन.”

वखारीच्या मालकानं तिकिटं लांबूनच आमच्या अंगावर फेकली आणि मागची बाजू दाखवली.

महाडात भाताच्या वखारीत दिवसभर यंत्रावर देशोदेशीची हलती चित्रं दाखवणार होते. विलायतेची, जपानची, कुठकुठली. खिडक्यांना गोणपाट ठोकून भरदुपारी अंधार केला होता. पोलादपूरकडच्या आमच्या महारवाड्यातून मी आयेला पायी घेऊन आलो होतो. तिला एकच बघायचं होतं. माझा थोरला भाऊ लढाईवर गेला तो परतलाच नाही. मेल्याचा कागदही आला नाही. चित्रांत लढाईवरचे शिपाई दिसतात, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

आम्ही मागं जमिनीवर आमच्याच लोकांत बसलो. चित्र मागूनही दिसावं म्हणून पडदा पाणी मारून भिजवतात. ते काम पुढच्या बाजूनं मालकाचा गडी करायचा. आमच्या हातचं पाणी कापडालाही चालत नव्हतं. मागून अक्षरं उलटी दिसत. आम्हाला काय त्याचं, सुलटी तरी कुठं वाचता येत होती!

शिपाई आले. ओळीनं बोटीतून उतरले. एकानं डाव्या हातानं पेला तोंडाला लावला. आमचा दादा डावखुरा. आय ताडकन उठली.

“सख्या! माजा सख्या हाय तो!”

मी धरायच्या आत तिनं दोन्ही हात त्या तोंडावरून फिरवले.

कोरडं कापड विटाळ धरत नाही, ओलं धरतं. पुढून तिचे पंजे कापडात उमटले आणि एकच गलका झाला. “शिवली! म्हारीण शिवली!”

गड्यानं काठीनं ढोसत आम्हाला पुढं आणलं. मालक म्हणाला, “थेरडीनं सगळ्यांसमोर नाक घासायचं. नाहीतर तुमच्या वस्तीवर माणसं पाठवतो.”

आयेचं लक्षच नव्हतं. “सख्या कुटं गेला रे?” एवढंच ती विचारत होती. मी हात जोडले. “चुकलं मायबाप.” आणि मीच तिच्या मानेवर हात ठेवला. मीच दाबली. तिच्या पोटच्या पोरानं तिचं नाक जमिनीवर घासलं. रक्त आलं. यंत्रवाल्यानं मुद्दाम उजेड तिच्यावर सोडला. लोक हसले. बायकासुद्धा, तोंडाला पदर लावून.

मग पडद्यावर गोमूत्र शिंपडलं. “पहिल्यापासून लावा!” कुणीतरी ओरडलं. हसण्याच्या नादात आम्हाला हाकलायचं राहिलं. आम्ही तिथंच उभे. शिपाई परत बोटीतून उतरले. त्या शिपायानं पेला उचलला. उजव्या हातानं.

मागून सगळं उलटं दिसतं. उजव्याचं डावं होतं. आम्हाला मागं बसवलं म्हणून आयेला तिचा पोरगा दिसला. पुढं बसवलं असतं तर ती फसली नसती, उठली नसती, शिवली नसती. आता तिनंही पुढून बघितलं. रडली नाही.

“तो नाय,” म्हणाली. बस्स.

मला माझ्याच हाताची किळस आली.

“ए, व्हा मागं!” मालक खेकसला.

“नाय जानार.” मी आयेला पुढच्या जाजमावर बसवलं. शेजारी मी बसलो. “आमचंबी तिकीट हाय. हितनंच बघनार.”

काठ्या पडल्या. माझा खांदा निखळला, तो आजही वर होत नाही. पडद्यामागून आमचीच माणसं ओरडत होती, “माफी माग रे! मरशील!” नाही मागितली. दोघांना बाहेर फेकलं. आयेनं माझं रक्त पुसलं नाही. वरंधकडचा डोंगर समोर दिसत होता, त्याच्याकडं बघत बसली. मी तिची मान दाबली होती हे ती विसरली नव्हती. मरेपर्यंत विसरली नाही. तिनं विसरायला नकोच होतं.

काठ्यांचा राग कधीच शमला. माझ्या ‘मायबाप’ म्हणण्याचा शमत नाही. तो शब्द मी जिभेवरून खरवडून काढला. मार खाईन, उपाशी मरेन, मागं बसणार नाही. आणि माझ्या माणसाची मान वाकवायला यापुढं कुणी मला सांगितलं, तर आधी त्याची धरीन.