बाबा, तिथेच थांबा

माझ्या संघाचं नाव इथे लिहीत नाही. टोरोंटोत राहणाऱ्याला ते सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून आपणच आपली शोभा कशाला करून घ्यायची? बेसबॉलचा संघ आहे, एवढं पुरे. या देशात नवा आलो तेव्हा मनासारखी नोकरी मिळत नव्हती. विमानतळाजवळच्या एका गोदामात खोकी उचलायचो. तिथल्या सुपरवायझरने एकदा त्याची जास्तीची तिकिटं दिली, म्हणून गेलो. खेळ काडीचा कळला नाही. पण आजूबाजूची माणसं कपाळाला हात लावत, संघाला शिव्या घालत शेवटपर्यंत बसली होती आणि पुढच्या मंगळवारी परत येणार होती, हे मात्र नीट कळलं. मीही जाऊ लागलो. पुढे चांगली नोकरी लागली, शहराच्या एटोबिको भागात घर झालं, मुलगी झाली. माझं बरं चाललं. संघाचं काही झालं नाही.

मग एका हिवाळ्यात मालकांना काय उपरती झाली कोण जाणे, त्यांनी पैसा अक्षरशः ओतला. दुसऱ्या संघांचे नावाजलेले खेळाडू उचलून आणले. ऑफिसात, सबवेच्या गाडीत, फावड्याने बर्फ उपसणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडी एकच: "धिस इज द इयर!" तिकिटं महागली, तरी मी दहा मॅचचं दोघांचं पॅक घेतलं.

"दोघांचं? मी नाही हं येणार," बायको म्हणाली.

"तू नाही. बाबा."

आई गेल्यापासून बाबा नागपूरला एकटेच होते. फ्लॅट बंद करा आणि कायमचे इकडे या, म्हणून मी तीन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी त्या एप्रिलमध्ये ते सहा महिन्यांसाठी आले. "पाहू," म्हणाले. "करमलं तर राहीन, नाही तर जाईन." त्या एका वाक्याने माझा जीव टांगणीला लागला. आमच्या रस्त्यावर मराठी सोडा, दुपारी चिटपाखरू दिसायचं नाही. आम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत, आणि घरी आली की इंग्रजीत उत्तर देणार. बाबांना रमवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती: रोज संध्याकाळी टीव्हीवर तीन तासांची मॅच.

आणि त्यांना करमलं! पहिल्या आठवड्यात ते मला नियम विचारत होते, तिसऱ्या आठवड्यात मला समजावून सांगायला लागले. कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. एका वहीत रेघा मारून त्यांनी स्वतःची स्कोअर लिहायची पद्धत काढली. "अरे, हा फेकणारा थकला ना! याला बदलवून काहून नाही राहिले हे लोक?" असे करवादायचे. सोफ्याची डावी बाजू त्यांची झाली. मी मनातल्या मनात बेसमेंटमध्ये त्यांची खोली सजवायला घेतली होती.

फक्त संघ हरत होता. एवढे महागडे खेळाडू, आणि रोज नाक कापून घेत होते.

इथे आमच्या घरातली एक जुनी खोड सांगायला हवी. बाबांनी आयुष्यात कधी नवस बोलला नाही की पत्रिका पाहिली नाही. पण क्रिकेटच्या मॅचला त्यांचा कडक नियम होता: चांगलं चाललेलं असताना जो जिथे असेल त्याने तिथून हलायचं नाही. मी दहा वर्षांचा असताना एकदा दारात उभा होतो, एक पाय आत, एक बाहेर, आणि लागोपाठ दोन चौकार गेले. "हलू नको!" बाबा ओरडले. मी तसाच दीड तास उभा. आईने वरणभात तिथे आणून भरवला. आपण जिंकलो, बाबांनी मला उचलून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी भारताला मी जिंकवलं असं वर्गात सांगत फिरलो.

तर मे महिन्यातल्या एका मॅचला बाबा ड्रायरमधले कपडे काढायला बेसमेंटमध्ये गेले आणि इकडे आमच्या फलंदाजाने होम रन ठोकला. तिन्ही बेसवर आमची माणसं होती, एका फटक्यात चार रन. आरडाओरडा ऐकून बाबा धावत वर यायला लागले. मला काय सुचलं देव जाणे, मी ओरडलो, "बाबा, तिथेच थांबा!"

ते तिसऱ्या पायरीवर थांबले. क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटले. जुनं सगळं त्यांना आठवलं होतं. उरलेली मॅच त्यांनी पायरीवर बसून काढली. टीव्ही दिसत नव्हता. मी ओरडून सांगायचो, ते वहीत लिहायचे. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी ते आपणहून पायरीवर जाऊन बसले, आणि पुन्हा जिंकलो.

मग संघ जिंकतच सुटला. सगळं शहर वेडं झालं होतं. मीही झालो होतो, हे आता कबूल करायला लाज वाटते. बायकोने एकदा बजावलं, "अहो, पुरे झाला हा चावटपणा. म्हातारा माणूस पायरीवर बसतो!" मी म्हणालो, "अगं, त्यांनाच मजा येतेय." येतही असेल तेव्हा. मग एका संध्याकाळी बाबा पाणी प्यायला वर आले आणि माझी नऊ वर्षांची मुलगी सोफ्यावरून किंचाळली, "आजोबा, गो बॅक! गो टु द बेसमेंट, प्लीज!" बाबा हसत हसत, भरलेला पेला तसाच घेऊन खाली गेले.

व्हायचं तेच झालं, संघ परत हरायला लागला. बाबा पायरीवर असले तरी हरायचा. एका वाईट पराभवानंतर मी चिडून विचारलं, "मधे वर आला होतात का तुम्ही?"

"वॉशरूमला आलो होतो," बाबा म्हणाले. चोरी पकडल्यासारखा आवाज होता त्यांचा. नुसतं "गंमत केली हो बाबा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढंसुद्धा मी म्हटलं नाही.

त्यानंतर मी लाख विनवण्या केल्या. सोफ्यावर बसा म्हटलं, हे सगळं खोटं आहे म्हटलं. "असू दे ना, मला इथे बरं वाटते, थंड असते," असं म्हणून ते पायरीवरच बसायचे. बायको ताट तिथेच नेऊन द्यायची. एकदा मी वरून पाहिलं. मांडीवर ताट, बाजूला वही, आणि भिंतीकडे तोंड करून ते वरणभात कालवत होते. आता काय करायचं ते मला सुचेना.

पॅकमधल्या पाच मॅच आम्ही दोघांनी आधी पाहिल्या होत्या. उरलेल्या पाचांपैकी एकीलाही ते आले नाहीत. "मी आलो तर तुझा दिवस वाया जाईल," म्हणायचे. ऑफिसातल्या कोणाला तरी घेऊन गेलो. पाचही हरलो. घरी येऊन मी मुद्दाम मोठ्याने सांगायचो, "पाहा, तुम्ही नव्हता तरी हरलेच." त्यावर ते म्हणायचे, "घरात तर होतो ना."

संघ तळाला गेला. सप्टेंबरमध्ये बाबांनी तिकीट अलीकडचं करून घ्यायला सांगितलं. फ्लॅट बंद आहे, वाळवी लागेल, म्हणाले. मी भांडलो, बायको रडली. शेवटी मी विचारलंच, "तुम्हाला इथे करमलं नाही का?" ते बॅगेची चेन लावत होते. "करमलं ना," म्हणाले. "खूप करमलं."

पुढच्या जूनमध्ये मी फोन केला. इकडे संध्याकाळची मॅच, तिकडे त्यांचा सकाळचा चहा. शेवटची इनिंग होती आणि आम्ही एका रनने पुढे होतो. मी म्हणालो, "बाबा, तुमचं तिकीट पाहून ठेवलंय. या ना." त्यांनी हळूच विचारलं, "मॅच सुरू आहे काय? आवाज येऊन राहिला."

"हो. ते सोडा तुम्ही. येताय ना?"

"अरे, मग ठेव ना फोन! मी ऐकून राहिलो आहे ना इकडे!" आणि त्यांनी फोन ठेवला. मी परत लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. टीव्हीकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा, मी मनापासून म्हणत होतो की हरा. आज तरी हरा.

जिंकले.

दोन मिनिटांत बाबांचाच फोन आला. "काय झालं?" मला खोटं बोलता आलं असतं, पण मागे मुलगी सोफ्यावर उड्या मारत होती आणि ते त्यांना ऐकू जात होतं. "जिंकले ना? मी बाल्कनीत जाऊन उभा होतो. पाहिलं? सांगितलं होतं तुला." किती आनंद झाला होता त्यांना.

"हो बाबा," मी म्हणालो. तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही.