इंटरकूलरवरचा हार

माझी जुनी टर्बोची कार उन्हात दमून जाये. मले तर फाडफाड वाजणारा सायलेन्सरच पाहिजे होता, पण मिस्त्री म्हणे, "आधी मोठा इंटरकूलर बसव गा. टर्बोची हवा थंडी झाली तरच गाडी पयते." बसवला. पूजा करून त्याच्या समोरच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार मीच कसून बांधला. सुकेपर्यंत काढायचा नाही, हा आमच्या घरचा नेम.

मग साळ्याले गाडीचा पिकअप दाखवाले वाडीच्या रस्त्यानं नेलं, तर सिमेंटचा ट्रक आम्हाले मागं टाकून गेला. साळा म्हणे, "भाऊजी, उतरून धक्का मारू का?"

तणतणत मिस्त्रीकडं गेलो. त्यानं हार पाहिला. "काहून गा, लगन लावून राहिला का गाडीचं? इंटरकूलरले हवा कुठून भेटन?"

हार काढला अन् गाडी सुसाट पयाली. पण साळा वाटेतूनच कवाच ऑटोनं घरी गेला होता, सगळ्याईले ट्रकची गोष्ट सांगाले.