चोवीस तासांचा कॅन

भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा आई म्हणाली, माझी घ्या. बाबांचा रक्तगट जुळला नव्हता आणि मी डॉक्टरांच्या मते फार लहान. म्हणजे आईच काय ती उरली होती.

तिची एक किडनी काढली तर चालेल का, हे बघायला नागपूरच्या दवाखान्याने तिची चोवीस तासांची लघवी मागितली. सकाळची पहिली सोडायची, मग दुसऱ्या सकाळपर्यंतचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. ती आणि रक्त तपासून क्रिएटिनिन क्लिअरन्स काढतात, म्हणजे किडन्या मिनिटाला किती रक्त साफ करतात ते.

आकडा पंचावन्न आला. डॉक्टर म्हणाले, जमणार नाही. भावाला हे सांगायला कोणी तयार होईना.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. मोठ्या डॉक्टरांच्या रिपोर्टात आपण काय बघणार, असं वाटत होतं. तरी आमच्या गावी, सावलीला परतताना बसमध्ये तो वाचला. लघवी फक्त आठशे मिली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आई तांब्यामागून तांब्या पाणी पिते. सगळी कॅनमध्येच भरली होती ना, मी तिला भीतभीतच विचारलं.

"बांधावर बायांसमोर कॅन घेऊन बसू का मी?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दोनदा तशीच गेली."

ज्या बाया आमच्या शेतात धान रोवून गेल्या, त्यांच्या रोवणीला न जाणं तिला जमलं नव्हतं.

काय बोलायचं ते वहीत लिहून मी डॉक्टरांना फोन केला. लघवी कमी पडली तर आकडाही खोटाच कमी येतो ना, सर? ते म्हणाले, पुन्हा करा.

या वेळी मीच शेतात जाऊन बायांना सगळं सांगितलं. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी आईवरच घसरली. "आधी काऊन नाई सांगितलं वं? तुयी रोवणी आमी करतो, तू घरी बसून कॅन भर."

आईने भरला. सोळाशे मिली. आकडा आला एकशे चार.

डॉक्टर म्हणाले, आता किडनी देता येईल. नियमाप्रमाणे दोन्हींतली जास्त चांगली तुमच्याकडेच ठेवू. माझे डोळे भरून आले होते, आणि आई टेबलावर हात ठेवून डॉक्टरांशी भांडायला लागली होती.

"असं कसं? चांगली त्याले द्या. मले कोनतीबी चालते."