टारफुल्याचा पाहुणा

मी अकोल्याच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो, म्हणजे संशय घेण्याचा मला पगार मिळत होता. त्यामुळे चौकशी समिती नेमायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांची नजर माझ्याकडे वळली, यात नवल नव्हतं.

झालं होतं असं की, विद्यापीठाकडून एक परिपत्रक आलं. संशोधन करणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने परदेशी व्यक्तींशी असलेला संबंध आणि महाविद्यालयाबाहेरचा उद्योग लेखी कळवावा. चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं आणि गावात कुणी रेल्वेच्या पुलाकडे जरा जास्त वेळ पाहिलं तरी चार माणसं त्याच्याकडे पाहू लागत. आमच्याकडे संशोधन करणारा माणूस एकच होता, वनस्पतिशास्त्राचा तरुण अधिव्याख्याता. पण परिपत्रक संशोधकांसाठी आहे म्हटल्यावर ते सगळ्यांनीच स्वतःला लागू करून घेतलं.

सगळ्यांनी लिहिलं, ‘निरंक’. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची जिनिंग फॅक्टरीत भागी होती, ते निरंक. संस्कृतचे शास्त्रीबुवा श्रावणात सत्यनारायणाच्या पूजांमुळे पहिल्या तासाला कधी सापडत नसत, तेही निरंक. मीही निरंक लिहिलं आणि ते खरं होतं. आपल्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

वनस्पतिशास्त्राच्या माणसाने मात्र कागदाच्या दोन्ही बाजू भरून दिल्या. एका परदेशी प्राध्यापकाशी पत्रव्यवहार, त्याने भेट दिलेलं एक भिंग, आणि त्याला पाठवलेल्या टारफुल्याच्या बियांच्या दोन पुड्या. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस पिणारं तण. आमचा अधिव्याख्याता त्याच्या मागे लागला होता. तो अजून नोकरीत कायम झालेला नव्हता. समितीने विरुद्ध लिहिलं असतं तर त्याला घरी जावं लागलं असतं.

मी सुटीत अमरावतीला गेलो तेव्हा वकील असलेल्या माझ्या थोरल्या भावाला हे सांगितलं. त्याने पान जुळवता जुळवता निकाल दिला, “खोटं बोलणारा सुटतो रे कधी कधी. लिहून देणारा कधीच सुटत नाही.”

तो परदेशी प्राध्यापक आदल्या हिवाळ्यात खरोखरच आला होता. टारफुला पाहायला. बार्शीटाकळीच्या एका पाटलांच्या शेतात तो भरपूर होता आणि ज्वारीही हुरड्यावर आली होती, म्हणून प्राचार्यांनी हुरड्याचा बेत ठरवला. पाहुण्याला एकटं कसं पाठवायचं, म्हणून सगळे निघाले. महाविद्यालयातल्या खुर्च्या बैलगाडीत घालून शेतात नेल्या. फोटोग्राफर नेला. शास्त्रीबुवांनी पाहुण्याला शाल पांघरली आणि एक श्लोक म्हटला, तो पाहुण्याने नमस्काराच्या मुद्रेत ऐकून घेतला. शाल अंगावर असताना त्याला खाली बसून रोप पाहता येईना, म्हणून तो तसाच उभा राहून लांबूनच टारफुल्याकडे पाहत होता.

मी आगटीपाशी होतो. फोटोपेक्षा हुरडा भरवशाचा. पाटील माझ्या शेजारी कणसं भाजत होते आणि त्यांचं सगळं लक्ष त्या गोऱ्या माणसाकडे होतं.

“मास्तर, हा येवढ्या दुरून गवत पाहाले आला?”

“हो.”

“मले तं काई पटून नाई राहिलं. जे आमी उपटून फेकतो थे हा कागदात बांधून मांगवते. जमिनीत काई सापडलं असन याले.”

पाटलांचा संशय मला त्या दिवशी सर्वांत प्रामाणिक वाटला. निदान तो हुरडा खाताना होता तेवढाच नंतरही राहिला. बाकीच्यांना तेव्हा कसलाच संशय नव्हता. पाहुण्याबरोबरचा फोटो ज्याच्या त्याच्या बैठकीत लागला आणि पुढे महाविद्यालयाच्या वार्षिकांकातही आला.

चौकशी प्राचार्यांच्या घरी ठेवली होती. प्राचार्य, शास्त्रीबुवा आणि मी अशी तिघांची समिती. आत शिरताच मला समोरच्या भिंतीवर एक चौकोन दिसला, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. वर खिळा तसाच होता. शास्त्रीबुवांच्या घरी आदल्या आठवड्यात असाच चौकोन पाहिला होता.

अधिव्याख्याता समोर बसला. खरं सांगायचं तर मला त्याचाही संशय होता. न विचारलेलं सांगणारा माणूस विचारलेलं लपवत असतो, असा माझा तोवरचा अनुभव होता.

“बी देशाबाहेर पाठवलंत?” शास्त्रीबुवांनी सुरुवात केली. “उद्या ते शत्रूच्या हाती पडलं तर?”

“बुवा, ते तण आहे. शत्रूच्याच शेतात पडायला हवं.”

“विनोद नको,” प्राचार्य म्हणाले. “त्या माणसाशी तुमची कितपत घसट होती, तेवढं सांगा.”

“पत्रांतून ओळख. भेट एकदाच, शेतात.”

“एकदाच हे कशावरून?” शास्त्रीबुवा माझ्याकडे वळले. “पुरावा पाहायला हवा.”

मलाही तो हवाच होता. हा माणूस पाहुण्याच्या किती जवळ उभा होता ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. मी म्हणालो, “वार्षिकांकात फोटो आहे. तो पाहू.”

अंक कपाटातच होता. प्राचार्यांनी तो जरा नाखुषीनेच काढून दिला. मी पान उघडलं. मधल्या खुर्चीत शाल घेतलेला पाहुणा. त्याच्या खांद्यावर प्राचार्यांचा हात. दुसऱ्या बाजूला शास्त्रीबुवा, इतके जवळ की शाल दोघांची वाटावी. मागे अर्थशास्त्र, इतिहास आणि प्राचार्यांचे मेहुणे, जे अकोल्याला सहज आले होते. खाली छापलं होतं, ‘परदेशी विद्वानाच्या निकट सहवासात आमचे प्राध्यापक.’

मी पान दोनदा पाहिलं. “यात हे दिसत नाहीत.”

“म्हणजे?” प्राचार्य पुढे वाकले. “कुठे होतात तुम्ही?”

“मी मुळं खणत होतो. अंगभर माती होती. तुम्हीच म्हणालात, या अवतारात फोटोत येऊ नका.”

प्राचार्यांनी अंक मिटवला. मग शास्त्रीबुवा म्हणाले, “हा काही संबंध नव्हे. हे आतिथ्य.”

“यांनी दोन पुड्या दिल्या, आपण शाल दिलीत,” मी म्हणालो. “अहवालात दोन्ही घालू की दोन्ही गाळू?”

प्राचार्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांचा आवाज मऊ झाला होता. “असं करा,” ते अधिव्याख्यात्याला म्हणाले, “तुमचं निवेदन परत घ्या. निरंक लिहा. प्रकरण मिटलं.”

“नको सर. त्याचं पुढचं पत्र तर येणारच. आज निरंक लिहिलं तर त्या दिवशी मी खोटा ठरेन. आहे ते राहू द्या. त्यावर मला काढायचं तर काढा.”

त्याला काढायचं तर अहवाल लिहावा लागणार, अहवालाला तो फोटो जोडावा लागणार. प्राचार्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, “म्हणजे सगळ्यांनीच नव्याने भरून द्यावं हे उत्तम.”

पंधरवड्यात सगळ्यांची नवी निवेदनं गेली. जे निरंक होते ते आंतरराष्ट्रीय सहकार्य करणारे निघाले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक तर पाहुण्याशी कापसाच्या जागतिक बाजाराबद्दल बोलल्याचं कळलं. त्यांच्या जिनिंगच्या भागीचा रकाना मात्र कोराच होता. निवेदनांसोबतची नावांची यादी ज्येष्ठतेने केलेली, म्हणून टारफुल्याचा माणूस सर्वांत शेवटी, ‘वरील सर्वांना साहाय्य’ एवढ्या कामगिरीवर. यादीत साहाय्यक का होईना, त्याचा समावेश होता, त्यामुळे त्याच्यावर कारवाई करता येईना. उन्हाळ्याआधी तो कायम झाला. प्राचार्यांच्या भिंतीवरचा चौकोन पुन्हा झाकला गेला.

पुढच्या हिवाळ्यात पाहुण्याचं पत्र आलं, तो परत येतोय म्हणून. प्राचार्यांनी लगेच सभा घेतली, खुर्च्यांचा आणि गाडीचा बंदोबस्त केला, आणि शेवटी मोठ्या मनाने अधिव्याख्यात्याकडे वळून म्हणाले, “या वेळी फोटोत तुम्ही हवेतच.”

“येईन सर,” तो म्हणाला. “आधी विद्यापीठाला लिहून कळवतो.”

सगळे हसले. तो हसला नाही. त्याने ते विनोदाने म्हटलं की सरळ, हे मी पुढे बरेच दिवस त्याच्या चेहऱ्यावर शोधत होतो.